आयरिश रेल्वेचं मॉडेल: 16.5 मिमी की 21 मिमी, आणि सुरुवात कुठून?

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यात असताना ब्रिटिश गाड्यांची डबल ओ (फुटाला 4 मिमी) मापातली मॉडेलं जमवली, दोन-चार मालवाघिणी किटमधून जोडल्या. आता नोकरीमुळे डब्लिनला मुक्काम आहे आणि 1950 च्या दशकातली आयरिश रेल्वे करायची हौस आहे. हाताशी असलेले 16.5 मिमी गेजचे (म्हणजे दोन रुळांत तेवढं अंतर असलेले) रूळ चालतील का, पहिलं इंजिन कोणतं बांधावं आणि बाजारातल्या तयार मॉडेलांवर किती भिस्त ठेवावी?

या तिन्ही प्रश्नांची उत्तरं एका चौथ्या प्रश्नावर अवलंबून आहेत, म्हणून तो आधी विचारतो: स्टेशन कोणतं आणि वर्ष कोणतं? आयर्लंडच्या बाबतीत हे ठरवल्याशिवाय एक युरोही खर्च करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ब्रिटिश मॉडेल करताना ही ढिलाई खपून जाते. तिथे तयार माल इतका आहे की आधी घ्यायचं आणि मग जुळवायचं, हे जमतं. इथे निम्म्याहून जास्त वस्तू हाताने बांधाव्या लागतात. त्यामुळे कोणती वस्तू बांधायची नाही हे कळणं फार मोलाचं ठरतं.

‘1950 चं दशक’ हा एक काळ नाहीच, ते चार-पाच काळ आहेत. सीआयई म्हणजे कोरस इम्पर एरन ही आयर्लंडची वाहतूक कंपनी 1945 मध्ये उभी राहिली आणि 1950 मध्ये सरकारी झाली. 1952 पासून एईसीच्या डिझेल रेलकार येऊ लागल्या. 1955 मध्ये मेट्रोपॉलिटन-व्हिकर्सची ए क्लास डिझेल इंजिनं आली, एकूण 60. ती चक्क चंदेरी रंगात आली आणि तो चंदेरी रंग काजळी-तेलाने इतका कळकट झाला की पुढे हिरवा द्यावा लागला. उत्तरेकडची ग्रेट नॉर्दर्न रेल्वे दोन देशांत पसरलेली होती. 1953 मध्ये दोन्ही सरकारांनी मिळून ती मंडळाकडे दिली आणि 1 ऑक्टोबर 1958 ला ती सीआयई आणि अल्स्टर ट्रान्सपोर्ट ऑथॉरिटी यांच्यात वाटली गेली. म्हणजे 1954 च्या डंडॉकमध्ये आकाशी निळं इंजिन आणि त्याखाली लालभडक फ्रेम हे दृश्य रोजचं. त्याच इंजिनामागे तुम्ही 1961 मध्ये आलेलं जनरल मोटर्सचं 121 क्लास डिझेल उभं केलंत, तर प्रदर्शनात आलेला जाणकार काही बोलणार नाही, फक्त पुढच्या टेबलाकडे सरकेल.

आता गेजकडे येतो, कारण खरी अडचण तिथेच आहे.

आयर्लंडचा ब्रॉडगेज 5 फूट 3 इंच, आपल्या भारतीय ब्रॉडगेजपेक्षा 3 इंच कमी. तो ठरला तडजोडीतून. डब्लिन-किंग्सटाउन रेल्वे 1834 मध्ये 4 फूट 8½ इंचांवर सुरू झाली, बेलफास्टकडच्या अल्स्टर रेल्वेने 6 फूट 2 इंच घेतले, डब्लिन-ड्रोहेडावाल्यांना 5 फूट 2 इंच हवे होते. सरकारचे रेल्वे निरीक्षक जनरल पॅस्ली यांनी सगळ्यांची मतं घेऊन मधला आकडा काढला आणि 1846 च्या कायद्याने तो पक्का झाला. पुढे हाच गेज ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियात आणि ब्राझीलमध्येही गेला.

डबल ओ मापात 1 फुटाला 4 मिमी. म्हणजे 5 फूट 3 इंचांचे होतात बरोबर 21 मिमी. तुमच्या 16.5 मिमी रुळांचा खऱ्या मापात हिशेब केला तर ते 4 फूट 1½ इंच भरतात. ब्रिटिश गाडीसाठी ते 7 इंचांनी अरुंद, आणि त्याकडे दुर्लक्ष करायची सवय जगाला लागलेली आहे. आयरिश गाडीसाठी मात्र ते 13½ इंचांनी अरुंद आहेत, जवळजवळ दुप्पट. शिवाय आयरिश डबे ब्रिटिश डब्यांपेक्षा रुंद. बाजूने पाहिलं तर काही कळत नाही. समोरून पाहिलं की मात्र गाडी लुगड्याचा काष्टा आवळून उभी राहिल्यासारखी दिसते: वर ऐसपैस, खाली चिंचोळी. ज्याला आयरिश गाडीची बैठक माहीत आहे त्याला हे खटकतंच.

तरी मी सरसकट ‘21 मिमीच करा’ असं सांगणार नाही. तुम्हाला लांब गाड्या, मोठं जंक्शन, 1970 नंतरची डिझेलं, सिमेंटच्या गोल वाघिणी, नॅव्हनहून डब्लिन बंदरात जाणारी जस्ताच्या खनिजाची गाडी हे सगळं हवं असेल, तर 16.5 मिमी घ्या आणि निवांत राहा. त्या काळासाठी मर्फी मॉडेल्स आणि आयरिश रेल्वे मॉडेल्स यांनी गेल्या काही वर्षांत जे तयार करून दिलंय ते इतकं चांगलं आहे की पूर्वी लोक त्यासाठी हिवाळेच्या हिवाळे घालवत. पण तुम्हाला वाफेचा काळ हवा आहे, जागा फ्लॅटमधल्या एका भिंतीपुरती आहे आणि हाताने बांधायची आवड आहे. अशा माणसासाठी 21 मिमी जास्त सोपं आहे, लोक समजतात त्याच्या उलट. कारण छोट्या शाखास्टेशनाला पाच-सहा सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे) पुरतात, एक-दोन इंजिनं पुरतात, आणि बाकी सगळं तसंही बांधावंच लागणार असतं.

21 मिमी रूळ म्हणजे प्रत्यक्षात काय? कोड 75 चा (0.075 इंच उंचीचा) बुलहेड रूळ आणा, तांब्याचा मुलामा असलेल्या पट्ट्यांचे स्लीपर कापा, रुळाला डाख द्या. स्लीपरच्या मधोमध तांब्यावर कानशीने बारीक फट पाडायला विसरू नका, नाहीतर दोन्ही रूळ जोडले जाऊन शॉर्ट होईल. गेज मापण्यासाठी रोलर लेथवर पितळेचे करून घेता येतात, किमान तीन लागतात. मी ईएम (4 मिमी मापातलाच, थोड्या रुंद गेजचा ब्रिटिश प्रकार) धाटणीची चाकं वापरतो. ईएममध्ये 18.2 मिमी गेजला दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर 16.5 मिमी असतं, त्यात 2.8 मिमी वाढवले की 21 साठी 19.3 मिमी येतं. सांध्यावर रूळ आणि चेकरेल (चाकाला वाटेवर ठेवणारा आतला जोड-रूळ) यांमधली फट 1 मिमी. हे दोन आकडे पाळले की गाडी रुळावरून उतरत नाही. लांब आसांची चाकं मागवावी लागतात, ती मिळतात. वळणं मात्र मोठी ठेवा. लहान टाकी-इंजिनालाही (ज्याची पाण्याची टाकी अंगावरच असते) 3 फूट त्रिज्येच्या खाली नेऊ नये, कारण चाकं बाहेर सरकल्यामुळे ती फ्रेमला, ब्रेकला, सिलिंडरला घासायला लागतात. तयार डिझेल 21 मिमीवर नेणार असाल तर विकत घेण्याआधी बोगीच्या बाजूच्या चौकटींच्या आत किती मोकळी जागा आहे ते कॅलिपरने मोजून घ्या.

एक फायदा क्वचित कोणी सांगतं: चाकांमध्ये जागा भरपूर असल्याने मोटर आणि गिअरबॉक्स आरामात बसतात. 16.5 मिमीमध्ये जुन्या लहान इंजिनाच्या चिंचोळ्या फायरबॉक्समध्ये मोटर कोंबताना जो जीव मेटाकुटीला येतो, तो इथे येत नाही.

रूळ बांधायचेच नसतील तर तिसरी वाट आहे आणि ती मला मनापासून आवडते. आयर्लंडचे नॅरोगेज बहुतेक 3 फुटांचे. फुटाला 5.5 मिमी हे माप घेतलं तर 3 फुटांचे बरोबर 16.5 मिमी होतात. म्हणजे तुमच्याकडचे रूळ, तुमच्याकडच्या मोटर-चासी, सगळं चालतं आणि गेज अचूक येतो. काउंटी डोनेगलच्या लाल-पांढऱ्या रेलकार, मागे दोन वाघिणी लावून डोंगरातून जाणाऱ्या, या मापात फार देखण्या होतात. ती रेल्वे 31 डिसेंबर 1959 ला बंद झाली, म्हणजे तुमच्या दशकात अगदी बसते. 4 मिमी मापात 3 फुटांना 12 मिमी लागतात, आणि 7 मिमी मापात पुन्हा 21. त्यामुळे 4 मिमीच्या ब्रॉडगेजसाठी केलेले रोलर 7 मिमीच्या ट्रेली-डिंगल या 3 फुटी लाइनसाठीही कामाला येतात.

ब्रॉडगेजच करायचा असेल तर माझी शिफारस: कोर्टमॅकशेरी, काउंटी कॉर्क, साल 1956.

टिमोलीग आणि कोर्टमॅकशेरीची ही लाइन क्लोनाकिल्टी शाखेवरच्या बॅलिनास्कार्थीहून फुटायची आणि खाडीकाठच्या रस्त्याला चिकटून समुद्रापर्यंत जायची. गेज पूर्ण 5 फूट 3 इंच, पण थाट सगळा गावठी लाइट रेल्वेचा. नियमित प्रवासी गाडी 1947 मध्येच बंद झाली. त्यानंतर 1961 पर्यंत शरद ऋतूत साखरेच्या बीटच्या गाड्या आणि उन्हाळ्यात कॉर्कहून समुद्रावर येणाऱ्या सहलीच्या गाड्या. मॉडेलवाल्याला याहून सोयीचं काय असणार? एकाच फलाटावर एका महिन्यात मालगाड्याच मालगाड्या, दुसऱ्या महिन्यात सहलीचे डबे आणि त्यातून उतरणारी पोरंबाळं. एकेरी लाइन, इंजिन गाडीच्या दुसऱ्या टोकाला नेण्यापुरता वळसा, दोन सायडिंग. 4 मिमी मापात 300 मीटरचं आवार साधारण 4 मीटर होतं. थोडं आकसून घेतलं की एका भिंतीला मावतं.

स्टेशन ठरल्यावर इंजिनाचा प्रश्न कसा सुटतो बघा. आयरिश वाफेचं इंजिन म्हटलं की सगळे जे15 या जुन्या मालगाडीच्या इंजिनवर्गाकडे धावतात, आणि त्याला कारण आहे: 1866 पासून 1903 पर्यंत या 0-6-0 (म्हणजे पुढे-मागे जादा चाकं नाहीत, फक्त सहा चालती चाकं) इंजिनांची 111 नग बांधणी झाली, देशाच्या कानाकोपऱ्यात ती पोचली, आणि वाफेच्या अखेरीपर्यंत राबली. 184 आणि 186 ही दोन जतन केलेली आहेत. पण कोर्टमॅकशेरीला हलकी टाकी-इंजिनंच चालत. हन्सलेटने 1894 मध्ये बांधलेलं ‘आर्गडीन’ हे 2-6-0 टाकी-इंजिन 1957 पर्यंत सेवेत होतं. आणि दुसरं म्हणजे 90 क्रमांकाचं चिमुकलं 0-6-0, डब्लिनमधल्या इंचिकोरच्या रेल्वे कारखान्यात 1875 मध्ये बांधलेलं. मूळ रूपात इंजिन आणि प्रवासी डबा एकाच सांगाड्यावर होते, डब्याचा भाग नंतर कापून काढला. हे 90 डाउनपॅट्रिकच्या संग्रहालय-रेल्वेत आहे. म्हणजे शंका आली तर टेप घेऊन जाऊन मोजता येतं, फोटो काढता येतात. पहिलं इंजिन म्हणून मी तेच बांधीन. सहा चाकं, टेंडर (मागचा कोळसा-पाण्याचा डबा) नाही, बाहेरचे सिलिंडर नाहीत.

जे15 चा मोह आवरत नसेल तर स्टेशन बदला, पण एक गोष्ट लक्षात ठेवून. त्या वर्गातली दोन इंजिनं सारखी नसतात. बॉयलर बदलले, कोणाला सुपरहीटर बसला, धुराडी बदलली, स्मोकबॉक्सची दारं दुपाखीची एकपाखी झाली, टेंडर तर आपसात अखंड फिरत राहिले. 184 आणि 186 शेजारी ठेवली तरी बॉयलरचा फरक डोळ्यात भरतो. म्हणून ‘जे15’ असं काही बांधायचं नाही. अमुक क्रमांक, अमुक साल, आणि त्या सालचा फोटो समोर.

पण इंजिनाआधी वाघिणी. मॉडेलला आयरिशपणा येतो तो इथून. बंद वाघिणींमध्ये एक प्रकार ब्रिटनमध्ये सहसा पाहायला मिळत नाही: छत दोन्ही टोकांना पक्कं आणि मधला भाग उघडा, त्यावर ताडपत्री. आज गुरं, उद्या पोती. गुरांच्या बाजाराच्या दिवशी अशा वाघिणींच्या रांगा लागत. ब्रिटिश किटमधून ही निघत नाही. छत आणि बाजू कापून कराव्या लागतात किंवा रेझिनच्या छोट्या उत्पादकांकडे शोधावी लागते. ताडपत्री टिश्यूपेपरला पातळ केलेला पांढरा गोंद लावून करा आणि वाळण्याआधी मध्ये हलकी झोळ पाडा. 1950 च्या दशकाच्या मध्यापासून पन्हळी पत्र्याच्या बाजूंच्या उघड्या वाघिणी आणि त्यांच्याखालचे त्रिकोणी रचनेचे सांगाडे दिसू लागतात. ब्रिटनहून आलेले ऑलिव्हर बुलीड तेव्हा इंचिकोरला मुख्य यांत्रिक अभियंता होते, ही त्यांची करणी. 1956 साठी अशा एक-दोनच ठेवा, बाकी लाकडी.

चार चाकांच्या वाघिणीत एक आस पक्का आणि दुसरा मध्यावर झुलता ठेवा. म्हणजे हाताने बांधलेल्या रुळाच्या उंचसखलपणावर चारही चाकं टेकतात. वजन 50 ग्रॅमच्या आसपास. पितळी सांगाड्याला 145 अंशांना वितळणारा डाख, पांढऱ्या धातूच्या ओतीव भागांना 70 अंशांचा. डाख देऊन झाल्यावर फ्लक्स (डाख धरावा म्हणून लावलेला आम्लाचा द्रव) गरम पाणी आणि ब्रशने धुवा. त्याच दिवशी धुवा, कारण फॉस्फोरिक आम्ल रात्रभरात पितळ हिरवं करतं आणि मग रंग धरत नाही.

बीटचा माल भरायला बारीक मोहरी घ्या. खरं बीट 10 ते 15 सेंटिमीटर जाडीचं, 4 मिमी मापात ते दीड-दोन मिमी होतं. आधी वाघिणीत फोमचा तुकडा ठेवून वर मोहरीचा एक थर पातळ गोंदाने चिकटवा, मग मातकट करडा रंग फवारा. रंगाचा थर पूर्ण बसू द्या, नाहीतर पावसाळी हवेत बुरशी येते. हे बीट मॅलोच्या कारखान्यात जायचं, त्यामुळे वाघिणींवरची खडूची खूणही मॅलोचीच करा.

रंगाबद्दल सविस्तर सांगतो, कारण ब्रिटिश सवय इथे दगा देते. ब्रिटिश वाघिणीचा सांगाडा काळा रंगवायची आपली रीत. आयरिश वाघिणींचं शरीर, लोखंडी पट्ट्या आणि सांगाडा सगळं एकाच करड्या रंगात असे. काळं दिसतं ते वंगण आणि ब्रेकची धूळ. म्हणून आधी संपूर्ण वाघीण करडी करा आणि मग खालून मळ चढवा. इंजिनांचंही तसंच: सीआयईच्या आधीच्या ग्रेट सदर्न रेल्वेच्या काळापासून बहुतेक इंजिनं नखशिखांत करडी, स्मोकबॉक्ससकट. शुद्ध काळा रंग डब्यातच राहू द्या. सीआयईचं पंख असलेलं चाक, ज्याला लोक ‘फ्लाइंग स्नेल’ म्हणतात, ते डब्लिनच्या ट्राम कंपनीकडून वारशाने आलेलं. डब्यांवर ते फिकट हिरव्यात, वाघिणींवर स्टेन्सिलने. याचे ट्रान्सफर (चिकटवायच्या छापील खुणा) विकत मिळतात, हाताने रंगवायच्या फंदात पडू नका.

संदर्भासाठी तुम्ही योग्य शहरात आहात. आयरिश रेल्वे रेकॉर्ड सोसायटी 1946 पासून आहे आणि तिचं ग्रंथालय ह्यूस्टन स्टेशनापाशी आहे. नॅशनल लायब्ररीत लॉरेन्स संग्रहात जुन्या स्टेशनांची छायाचित्रं आहेत आणि जेम्स ओ’डी यांच्या संग्रहात 1937 ते 1966 या काळातले रेल्वेचे फोटो. तुमचं दशक त्यात आहे. आवाराच्या आराखड्यासाठी ऑर्डनन्स सर्व्हेचा 25 इंची नकाशा, 1:2500, त्यावर सांधे मोजता येतात. फक्त तो नकाशा पहिल्या महायुद्धाआधीचा असतो, नंतर काढलेली सायडिंग फोटोवरून ताडून घ्या. एका रविवारी मॅलाहाइडला सिरिल फ्राय यांची मॉडेलं पाहून या. ते इंचिकोरला ड्राफ्ट्समन होते, म्हणजे मूळ आराखडे हाताखालून गेलेला माणूस. आणि बेलफास्टजवळ कल्ट्राच्या संग्रहालयात जा. तिथे 1939 चं ‘मेव्ह’ उभं आहे, 800 क्रमांकाचं, देशातलं सर्वांत दांडगं वाफेचं प्रवासी इंजिन, नाव गेलिक लिपीत. त्याच छताखाली फिंटोनाची घोडा-ट्राम आहे. ग्रेट नॉर्दर्नने ती 30 सप्टेंबर 1957 पर्यंत चालवली, आणि घोडा बदलला तरी नाव कायम डिक. फिंटोना जंक्शन ते गाव, मैलभरही नाही, एक डबा, एक घोडा. ज्याला इंजिनाचं भय वाटतं त्याने हे करावं. मोटर डब्याच्या तळात लपवावी आणि घोडा पुढे ढकलला जावा. पाय हलवायचा हट्ट मात्र धरू नये, तिथे चांगले चांगले कारागीर दमलेत.

डीसीसी (इंजिनं डिजिटल पद्धतीने चालवण्याची यंत्रणा), आवाज, दिवे यांचा आत्ता विचार करू नका. एक इंजिन असलेल्या शाखेला साधा कंट्रोलर पुरतो. गवत, झाडं, समुद्र यांबद्दल तुम्हाला पुण्यात जे येत होतं तेच इथेही चालेल. फक्त हिरवा थोडा गडद आणि ओलसर घ्या, आणि दगडी कुंपणाच्या भिंती विसरू नका.

मग पहिल्या चार-सहा महिन्यांचा क्रम असा ठेवा: 1 मीटर सरळ रूळ 21 मिमीचा, त्यात एक सांधा, त्यावर ढकलायला एक बंद आणि एक उघडी वाघीण, तीन कड्यांची साखळी-कपलिंग बसवून दोन्ही वाघिणी सांध्यावरून मागे-पुढे. उलट ढकलताना बफर अडकत नाहीत ना, ते इथेच कळतं. हे जमलं तर 90 चा सांगाडा कापायला घ्या. नाही आवडलं, तर खर्च झालाय दोन वाघिणी आणि मीटरभर रुळाचा. वाघिणींना अरुंद आस घालून त्या तुमच्या जुन्या 16.5 मिमीवर चालतील.